जिंकलेल्या गड्याचे पाय

मानसिंग पलटणीत भरती होऊन इटलीला गेला, तेव्हा त्याची आई रडली असेल नसेल, पण कोळेखेड मात्र धाय मोकलून रडलं. आईला आणखी दोन पोरं होती. गावाला चढाईचा गडी एकच होता.

हुतुतूचं वेड तसं साऱ्या नदीकाठाला होतं, पण कोळेखेडचं वेड औषधापलीकडचं. चैत्रात भैरोबाची जत्रा भरायची. देऊळ कोळेखेडात, पण देव कोळेखेडचाही आणि नदीपलीकडच्या जांभळगावचाही. दोन्ही गावांच्या मानाच्या काठ्या देवळाला भेटायच्या, आणि पहिली काठी कुणाची, हे कृष्णेच्या वाळूत हुतुतू खेळून ठरायचं. मानसिंग होता तोवर जांभळगावची काठी मुकाट मागं उभी राहायची. तो लढाईवर गेला आणि लागोपाठ दोन जत्रा हातच्या गेल्या. जांभळगावकर कोळेखेडच्याच गल्लीतून, कोळेखेडच्याच बायकांच्या डोळ्यांदेखत हलगी वाजवत पुढं गेले. त्या दिवशी कित्येक घरांत मटणाचं कालवण तसंच राहिलं. माणसं मेल्यावर या गावानं एवढं सुतक पाळलं नव्हतं.

आता नवा गडी कोण, यावर पारावर रोज दळण चालायचं. याचा पाय चपळ पण दम नाही, त्याला दम आहे पण छाती नाही, तिसऱ्याला सगळं आहे पण तो बायकोच्या ताटाखालचं मांजर. आणि हे बोलणारे कोण, तर ज्यांना बांधावरून उडी मारताना धोतर सावरावं लागतं असे. गाव करील ते राव काय करील म्हणतात, पण या गावानं बोलण्यापलीकडं कधी काही केलं नव्हतं.

या पारावर गुंडा बसायचा, पण कडेला. बोलायचा नाही. त्याला बोलायची सोयच नव्हती. तरणा होता तेव्हा तोही एका जत्रेत चढाईला गेला होता. रेघ वीतभर राहिली असताना जांभळगावकरांनी त्याचा पाय पिरगळला, कळ मस्तकात गेली, आणि याच्या तोंडातलं हुतुतू थांबलं. बस्स. तेव्हापासून त्याचं नाव दमसोड्या. हे बारसं चावडीवरच्या आकारामनं केलं होतं. आकारामची जीभ म्हणजे चांभाराची आरी, एकदा घुसली की भोक पाडूनच बाहेर. वीस वर्षं झाली, गुंडाच्या मिशा पिकायला लागल्या, तरी नाव काही पिकून गळून पडलं नाही. त्याची बायको शालूबाई आडावर गेली की बायका म्हणायच्या, सरा गं, दमसोड्याची आली. पोरीला बघायला विट्याकडून पाहुणे आले, त्यांनी वेशीत घर विचारलं, तर कुणीतरी विचारलंच, "कुठला गुंडा? दमसोड्या का?" पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. गुंडाला वाटायचं, मरण आलं तरी तिरडीमागून लोक हेच म्हणत येतील. हे त्याला खरंच फार लागलेलं होतं.

आणि त्या वर्षी माघात त्याला अर्जुना सापडला.

माणदेशाकडची धनगरं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरायची. मोकळ्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्यानं धान्य घालायचं, आणि पावसाच्या तोंडाला परत आपल्या मुलखात जायचं, अशी रीत. हरणाबाई नावाची एक विधवा बाई गुंडाच्या रानात तळ देऊन होती. नवरा गेलेला, एकुलता एक पोरगा अर्जुना, आणि शंभरेक मेंढरं. एक दिवस लोकर कातरणीच्या आधी पोरगा नदीच्या डोहात मेंढरं धुवत होता. एक मेंढरू घसरून खोल गेलं आणि तळातल्या मुळ्यांत अडकलं. अर्जुनानं बुडी मारली. गुंडा बैलं पाण्यावर घेऊन आला होता. तो बघत उभा राहिला. पाणी हललं, मग शांत झालं. बैलं पिऊन झाली, तोंड वर करून फुरफुरली, तरी पोराचा पत्ता नाही. गुंडा बोंबलणार तेवढ्यात पोरगा मेंढराला कवेत घेऊन वर आला. खोकला नाही, धाप नाही.

"किती येळ ऱ्हातोस रं पान्यात?" गुंडानं विचारलं.

"म्हाईत न्हाई नाना. मेंढरू सुटस्तवर."

गुंडाला त्या रात्री झोप लागली नाही. डोळे मिटले की त्याला एकच दिसायचं: हा पोरगा खांद्यावर, खाली आपण, आणि चावडीच्या पायऱ्यांवर आकाराम उभा. कारण कोळेखेडची रीत अशी होती, की सामना जिंकणाऱ्या गड्याचे पाय वाळूतून देवळाच्या पायरीपर्यंत भुईला लागू द्यायचे नाहीत. वाटेत पाय टेकला तर पहिल्या काठीचा मान गेला. आणि त्याला खांद्यावरून नेण्याचा मान ज्यानं गडी तयार केला त्याचा. मानसिंगाला त्याच्या चुलत्यानं नेलं होतं. तो चुलता मरेपर्यंत गावात ताठ मानेनं हिंडला.

गुंडानं हरणाबाईकडं गोष्ट काढली. ती आधी हसली आणि मग घाबरली.

"दादा, येकुलता येक हाय. मेंढरांमागं दुसरं कोन न्हाई. त्येचं हातपाय मोडलं तर मी काय करू?"

"आगं, माझ्यावर सोड. त्येच्या केसाला धक्का लागला तर मला बोल."

तरी ती तयार होईना. मग गुंडानं भाऊसो पाटलांना मध्ये घातलं. त्या साली माणदेशात पाण्याचा टिपूस नव्हता, धनगरांना परत जायला तोंड नव्हतं. पाटलांनी सांगितलं, पोरगं आपल्याकडनं खेळलं आणि सामना मारला, तर पाऊस लागेपर्यंत गावचं गायरान तुझ्या मेंढरांना मोकळं. हरणाबाईनं मेंढरांकडं पाहिलं. मग म्हणाली, "खेळू दे."

पारावर ही बातमी गेली आणि हसून हसून लोकांच्या पोटात कळा आल्या. आकाराम म्हणाला, "मानसिंगाच्या जागंवर मेंढक्या? मग देवळात पुजारी म्हनून बोकूड बसवा की! आन शोधलाय कुनी, तर दमसोड्यानं. आंधळ्यानं वाट दावायची आन पांगळ्यानं चालायचं!"

पहिल्या सरावाला अख्खा गाव वाळूत लोटला. सरावाला नव्हे, पोराची फजिती बघायला. आणि ती झाली. अर्जुनाला गडी कसा हेरायचा ते ठाऊक नव्हतं. तो सरळ घुसायचा, माणसं दोन बाजूंनी येऊन त्याला आपटायची. लोकांनी मेंढरासारखं ब्यँ ब्यँ करून नदीकाठ दणाणून सोडला. पोरगा अंगावरची वाळू झटकायचा आणि परत रेघेवर येऊन उभा राहायचा. रागवायचा नाही. गुंडा त्याला बाजूला घेऊन सांगायचा, "डोळं फुडच्या गड्यावर, पन कान मागं. परतीला डावा पाय आदी टाक." स्वतः जे करू शकला नाही ते सगळं त्यानं पोराच्या अंगात भरलं. आणि हळूहळू पोरगा शिकला.

मग एका संध्याकाळी गावच्या सात गड्यांनी मिळून त्याला धरला. पाय धरले, कंबर धरली, एकजण पाठीवर बसला. आणि पोरगा हुतुतुतु करत, सातजणांना वाळूतून ओढत, रेघेपर्यंत आला. दम तुटला नाही. मग भाऊसो पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गड्या, ह्ये येगळंच हाय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून ब्यँ ब्यँ करणारी तोंडं तीच, पण गाणं बदललं. घरोघरचं दूध धनगराच्या तळावर जायला लागलं. रेशनची साखर, जी लोक सणासुदीला पाहुण्यापुढंही हात आखडून ठेवायचे, ती पुडीत बांधून पोराला. म्हातारी साळूबाई लुगड्याच्या पदरातून उकडलेली अंडी आणायची. माणसं येऊन बैल बघावा तशी त्याची छाती चाचपून जायची. मानसिंग याच्यापुढं काहीच नाही, असं मानसिंगाचा सख्खा भाऊ म्हणाला. जांभळगावला आता पाच वर्षं काठी पुढं काढता येणार नाही, असं एकानं सांगितलं. दहा वर्षं, असं दुसऱ्यानं. एक आजारी म्हातारा खाटेवरून म्हणाला, की चैत्रात आपली काठी पुढं गेलेली बघतो आणि मग डोळे मिटतो, तोवर यमानं चावडीत बसावं. अहो, पोरगा अजून एकही सामना खेळला नव्हता! परक्या गावच्या गड्याचा हातसुद्धा त्याला लागला नव्हता. पण कोळेखेडनं त्याला हरभऱ्याच्या झाडावर कधीच चढवून ठेवला होता आणि खालची शिडी काढून घेतली होती.

अर्जुनाला हे कळत होतं. एकदा दूध पिता पिता तो गुंडाला म्हणाला, "नाना, मी हरलो तर ह्यी मान्सं काय करतील?"

"हरायचंच न्हाई."

"पन हरलो तर?"

गुंडाला राग आला. "तुला काय कमी केलंय का रं आमी? मग असलं अभद्र का काडतोस?"

पोरानं दूध संपवलं. खरं म्हणजे हाच प्रश्न गुंडालाही रोज रात्री पडत होता. कारण आकारामनं चावडीवर जाहीर करून टाकलं होतं, "जिंकला तर आपला अर्जुना. हरला तर दमसोड्याचा चेला."

जत्रेच्या दिवशी वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. पोलिसांची एक तुकडीही आली होती, भूमिगत पोरं गर्दीत असतील म्हणून. पण हलगी वाजली तसे पोलीसही माना उंच करून खेळ बघायला लागले. सुरुवात वाईट झाली. अर्जुनानं एवढी माणसं जन्मात पाहिलेली नव्हती. पहिल्या चढाईला तो रेघेपलीकडं पाऊलभर गेला आणि घाबरून परत आला. जांभळगावकर हसले, आणि कोळेखेडकरांनी शिव्या घातल्या. "दूध वकून काड आमचं!" असं कुणीतरी ओरडलं. तो मानसिंगाचा भाऊच होता. हरणाबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती, तिनं पदर तोंडात धरला.

मग पोरगा सावरला. जायचा, एकाला शिवून यायचा, परत जायचा. दोन्हीकडचे गडी बाद होत गेले. उन्हं उतरली तेव्हा कोळेखेडचा एकटा अर्जुना उरला होता आणि जांभळगावचे तिघं. चढाई त्याची. तो परत आला नाही तर सामना संपला आणि काठी सलग तिसऱ्यांदा मागं.

गुंडा रेघेच्या टोकाला उकिडवा बसला होता. नियमाप्रमाणं त्याला तिथून हलायची मुभा नव्हती. अर्जुना दम भरून आत गेला. तिघं थांबून होते, कुणी पुढं येईना. त्यानं एकाच्या गुडघ्याला हात लावला आणि वळला, आणि त्या क्षणी तिघंही त्याच्यावर तुटून पडले. रेघ हातभर राहिली होती. एकानं पाय आवळले, एकानं कंबर. तिसरा कृष्णात, जांभळगावचा कप्तान, रेड्यासारखा अंगानं, तो गुडघा पुढं काढून पोराच्या बरगडीवर कोसळला.

कडाड आवाज झाला. उसाचं कांडं मोडावं तसा. गर्दीच्या ओरड्यात तो कुणाला ऐकू गेला नाही. गुंडा हातभरावर होता. त्याला स्पष्ट ऐकू आला.

नियम त्याला माहीत होता, तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होता. रेघेच्या टोकाला बसलेल्या आपल्या माणसानं रेघेवर हात आपटून "सोड" म्हटलं की खेळ थांबायचा आणि गडी सुटायचा. सामना जायचा, पण गडी सुटायचा. पोराचं हुतुतू बारीक झालं होतं, दोरा ओढल्यासारखं, पण तुटलेलं नव्हतं. डोळे पांढरे झाले होते आणि ते गुंडाकडंच बघत होते. गुंडानं हात उचलला. मग तो खाली ठेवला आणि सगळी छाती फाडून ओरडला, "वड! आर्जुना, वड! दम सोडू नगंस!"

आणि पोरानं ओढलं. बोटं रेघेला लागली. तिघंही बाद.

त्यानंतर जे काही झालं त्याला आनंद म्हणायचं तर म्हणा. हजार माणसं एकदम वाळूत घुसली. गुलाल एवढा उडाला की सूर्य दिसेना. भाऊसो पाटील नाचत होते, ज्यांना गावानं कधी भरभर चालतानाही पाहिलेलं नव्हतं. गुंडानं खाली बसून पोराला खांद्यावर घेतलं आणि उठला. पोराला बसवत नव्हतं, तो पुढं वाकून गुंडाच्या डोक्यावर पडत होता, पण दोन्हीकडून चार हातांनी त्याला धरून सरळ केला. हलगी-घुमकं लागलं. काठी पुढं, मागं गुंडा, मागं गाव.

वाळूतून घाटावर येईस्तोवर पोरानं गुंडाच्या कानाशी तोंड आणलं.

"नाना, मला उतरवा. हितं काय तरी मोडलंय."

"वाईच कळ काड. आलं आता देऊळ."

"श्वास घेता येईना, नाना."

"आलंच म्हंतो न्हवं!"

देऊळ काही आलेलं नव्हतं. गावातून मिरवणूक म्हणजे गोगलगाय. प्रत्येक दारात बाई तांब्या घेऊन उभी, पोराच्या पायांवर पाणी घालायची, कुंकू लावायची, ओवाळायची. प्रत्येक दारात थांबायचं. पोराला खोकला आला. गुंडाच्या कपाळावर काहीतरी कोमट पडलं, त्यानं हातानं पुसलं आणि हाताकडं पाहिलं. हात लाल होता. पण त्या दिवशी साऱ्यांचेच हात लाल होते. गुलालात रक्त कुणाला दिसतंय? गुंडाला दिसलं. त्यानं हात धोतराला पुसला आणि परत पोराचा पाय धरला.

हरणाबाई तेवढ्यात गर्दी फोडत पुढं आली. लुगडं फाटलं होतं, केस सुटले होते.

"आवं खाली घ्या माज्या लेकराला! त्येच्या तोंडाकडं बगा की कुनीतरी!"

"आगं बाई, पाय टेकला तर मान जाईल," कुणीतरी हसत म्हणालं. "थोडा येळ लेकरू गावाचं हाय!"

"मग नका टेकवू त्येचं पाय!" ती गुंडाच्या समोर येऊन उभी राहिली. "बाजंवर घाला. आडवा करा आन चौघं मिळून उचलून न्या. पाय भुईला न्हाई लागायचं. गुंडादादा, पाया पडते तुमच्या, बाज आना!"

बोलणं अगदी बरोबर होतं. शेजारच्याच ओट्यावर बाज होती. पाटलांनीही ऐकलं आणि गुंडाकडं पाहिलं, म्हणाले, "व्हय रं गुंडा, बाजंवर घालूया का? मान कुटं जात न्हाई त्यानं."

मान जात नव्हता, गावाचा. गुंडाचा जात होता. बाज म्हटली की चार खांदे आले, आणि त्या चारांत गुंडा म्हणजे नुसता एक खूर धरणारा. पुढच्याच वळणावर चावडी होती. पायऱ्यांवर आकाराम उभा असलेला त्याला इथूनच दिसत होता, हातात फेटा होता. वीस वर्षं. वीस वर्षं ज्या तोंडानं त्याला मातीत घातलं, ते तोंड आज काय बोलणार होतं ते ऐकायला त्याचा जीव तहानला होता. लाज वाटली का त्याला? वाटली. पण तहान मोठी होती.

"काय न्हाई झालं त्येला," गुंडा म्हणाला. "गडी दमलाय. आई हाय म्हनून जीव तुटतोय तिचा. व्हा फुडं!"

गडी तयार करणाऱ्याचा शब्द. पाटलांनी मान हलवली, हलगी परत कडाडली. बायकांनी हरणाबाईला कौतुकानं बाजूला ओढलं, तिच्या कपाळाला गुलाल फासला आणि म्हणाल्या, पुण्यवान आहेस, असा लेक कुणाच्या पोटी येतो! ती ओरडत होती, पण हलगीत तिचा आवाज गेला.

चावडीपाशी आकाराम खाली उतरला. त्यानं स्वतःच्या हातानं गुंडाच्या डोक्याला फेटा बांधला. पोरगा वर खोकत होता आणि आकाराम एकेक पीळ नीट बसवत होता. साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आजपातुर मी गुंडाला जे नाव ठेवलं, ते माघारी घेतो. गुंडानाना म्हना रं पोरांनो!" गाव ओरडलं, "गुंडानाना!" गुंडाचे डोळे भरून आले. खरंच आले. त्या क्षणी त्याच्याइतका सुखी माणूस सातारा-सांगलीच्या मुलखात नव्हता. खांद्यावरचं ओझं सैल होऊन हलत होतं, ते त्यानं दोन्ही हातांनी आवळून धरलं.

देवळाच्या पायरीवर त्यानं पोराला उतरवलं. पाय टेकले, आणि पोरगा पायांवर उभा न राहता घडी पडावी तसा खाली बसला. तेव्हा कुठं हलगी थांबली.

रातोरात गाडी जुंपून सांगलीला नेला. डॉक्टर म्हणाले, बरगडी मोडून फुप्फुसात शिरली आहे. वाळूतच आडवा ठेवला असता तर एवढं झालं नसतं. हे त्याला बसवून, हलवून झालं. गाव म्हणालं, देवाची करणी. कृष्णातनं मुद्दाम गुडघा घातला, असंही गाव म्हणालं आणि जांभळगावच्या नावानं बोटं मोडली. बाजेची गोष्ट कुणी काढली नाही. हरणाबाईनं काढली, पण ती धनगराची बाई, तिचं कोण मनावर घेणार?

पोरगा वाचला. पाटलांनी शब्द पाळला, गायरान मोकळं केलं, त्यांना नाव ठेवायला जागा नाही. पण मेंढरांमागं पळणार कोण? पाऊस लागला तेव्हा हरणाबाईचे भाऊबंद आले आणि निम्मी मेंढरं राखायला माणदेशाला घेऊन गेले. उरलेली तिनं विकली आणि गावातच उसाच्या खुरपणीला जायला लागली, कारण पोराला चार शेतं ओलांडवत नव्हती. घरोघरचं दूध आषाढापर्यंत आलं. मग ज्याच्या त्याच्या म्हशी आटल्या.

गुंडा आता पाराच्या मधोमध बसायचा. पोरीचं लग्न फलटणच्या चांगल्या घरात ठरलं. पाहुण्यांनी वेशीत विचारलं तेव्हा लोकांनी घरापर्यंत आणून सोडलं. त्याच्या शब्दाला वजन आलं. वाटेत अर्जुना दिसला की तो दुसऱ्या बोळानं जायचा असं नाही हं, उलट थांबून विचारायचा, "काय रं, बरं हाय न्हवं?" आणि उत्तराला न थांबता पुढं जायचा.

पुढच्या चैत्राची तयारी सुरू झाली. नवा गडी पाहिजे होता, कारण जुना मोडला होता. गुंडानानानं पाटलांच्या पुतण्याला, बाळासोला, निवडलं. कोवळा पोरगा, पाय हरणाचे. गाव परत वाळूत जमायला लागलं. मानसिंगाचा भाऊ म्हणाला, अर्जुना याच्यापुढं काहीच नव्हता. साळूबाईनं पदरातून अंडी आणली.

अर्जुनाही यायचा. रोज, सगळ्यांच्या आधी. रेघेच्या टोकाला गुडघ्यांवर हात ठेवून बसायचा आणि खेळ बघायचा. बघता बघता त्याला खोकला यायचा, मग छातीतून शिट्टीसारखा आवाज येत राहायचा, बराच वेळ. त्या संध्याकाळी बाळासो चढाईला गेला आणि नेमका खोकला सुरू झाला. बाळासोचं लक्ष उडालं, दम तुटला. परत गेला, परत तेच. तिसऱ्यांदा तो रेघेवर थांबून म्हणाला, "ह्यो आवाज कानात आला की मलाच धाप लागल्यागत हुतंय."

सगळं गाव गुंडाकडं बघायला लागलं. गुंडा उठला आणि अर्जुनाजवळ जाऊन बसला. खांद्यावर हात ठेवला.

अर्जुना आधी बोलला. "नाना, त्येला सांगा, परतताना उजवा खांदा पाडतोय. तितंच धरत्याल त्येला." एवढं बोलायला त्याला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

"सांगतो," गुंडा म्हणाला. "आन तू असं कर गड्या, त्या बाभळीपल्याड जाऊन बस. हितं पोराचा दम तुटतोय तुज्या आवाजानं. जत्रा होईस्तवर वाळूत येऊच नगंस. समजून घे. गावाच्या मानाचा सवाल हाय."

अर्जुनानं त्याच्याकडं पाहिलं. हात टेकून उठला, उभं राहून श्वास गोळा केला आणि निघाला. बाभळीपर्यंत जायला त्याला बराच वेळ लागला, पण तिकडं कुणी बघत नव्हतं. गुंडानाना रेघेवर येऊन बाळासोला सांगत होता, "लेका, परतताना उजवा खांदा पाडू नगंस, तितंच धरत्याल तुला." बाळासोनं खांदा सावरला, आत गेला आणि दोघांना शिवून परत आला. गाव टाळ्या पिटत म्हणालं, नानाची नजर ती नजर.